अण्णांच्या हातातला दोर

गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज चार पानांचा होता, आणि त्यातली साडेतीन पानं मी मेले तर कोणकोण जबाबदार नाही याची यादी होती. संस्था जबाबदार नव्हती, शिक्षक नव्हते, डॉक्टर नव्हता, हवामान तर नव्हतंच. उरलेल्या अर्ध्या पानावर एक चौकोन होता. उमेदवार स्त्री असेल तर तिच्या वडिलांनी किंवा नवऱ्याने तिथे सही करून आपली हरकत नाही असं कळवायचं. मी तेवीस वर्षांची होते, नोकरी करत होते, घरातला मिक्सर माझ्या पगारातून आला होता. पण हिमालयात जाऊन बर्फावरून घसरायचं तर मला वडिलांची सही हवी होती. नवरा नव्हता, नाहीतर त्याची चालली असती.

अर्ज बुधवारी टपालात पडायला हवा होता. माझ्या हातात दहा दिवस होते आणि समोर अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरात बस कंडक्टरपासून नारळवाल्यापर्यंत कुणीही अण्णा असतो, पण आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांत वडीलच अण्णा. आमचं घर बसवनगुडीत. घरात बोलतो ते मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं, की काढून टाकलं तर बाकी काय उरेल सांगता येत नाही. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब आणि 'सरी, चल' म्हणजे बरं, चल; यात आम्हाला परकं काही वाटत नसे.

अण्णा सब-रजिस्ट्रार कचेरीत कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या सह्या आणि अंगठे बघण्यात घालवली. ज्याला सही येत नसे त्याच्या डाव्या हाताचा अंगठा ते स्वतः धरून शाईवर टेकवायचे आणि कागदावर उतरवायचे. "दाबायचं नाही, टेकवायचं," असं ते प्रत्येकाला सांगत. आणि त्यांचा एक नियम होता: कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही, आणि चुकीचा शब्द राहिला असेल तर घ्यायचाच नाही. एका शब्दासाठी त्यांनी लोकांना परत पाठवल्याच्या गोष्टी आई अजून सांगते, आणि त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मला कधी कळलेलं नाही. त्यांची स्वतःची सही मात्र दागिन्यासारखी होती. शेवटच्या अक्षराखालून एक रेघ निघायची, मागे वळून यायची आणि दोन ठिपके देऊन थांबायची. निवृत्त झाल्यावर ही सही करायला त्यांना फारशी जागा उरली नव्हती. दूधवाल्याच्या कार्डावर ते ती करायचे.

त्यांना भीती वाटायची ती मात्र माझ्या बाबतीत. आमच्या घराजवळच्या बागेत एक मोठा जुना कातळ आहे, काहळे बंडे. बंडे म्हणजे कातळ. सहा वर्षांची असताना मी त्यावर चढायचे आणि अण्णा खाली दोन्ही हात पसरून उभे राहायचे, मी जिकडे सरकेन तिकडे सरकत. फिरायला आलेल्या लोकांना वाटायचं हे गृहस्थ काही व्यायाम करताहेत. मी एकदाही पडले नाही. ते एकदाही हात खाली घेऊन उभे राहिले नाहीत.

मी अर्ज पुढे ठेवला तेव्हा त्यांनी चारही पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग चष्मा पुसला.

"यात सगळे म्हणताहेत आम्ही नाही," ते म्हणाले. "मग कोण?"

"कुणीच नाही, अण्णा. तो नमुना असतो."

"मी नमुनेच वाचत आलोय, पुट्टी." पुट्टी म्हणजे चिमुरडी. तेवीस वर्षांच्या बाईला हे चारचौघांत ऐकावं लागतं.

आईचं मत वेगळं होतं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लग्न करून दिलं तरी कुठल्यातरी खड्ड्यात उतरायचंच आहे तिला. दोर बांधून उतरतेय तर उतरू दे की."

अण्णांनी अर्ज होता त्याच घडीत परत दिला. "बघितल्याशिवाय सही नाही. पुढच्या शनिवारी तुमची सहल आहे म्हणालीस ना? मी येतो. बघतो. मग सांगतो."

*

आमचा गिरिभ्रमणाचा क्लब होता. दर रविवारी शहराबाहेरच्या खडकांवर सराव आणि महिन्यातून एकदा दोन दिवसांची सहल. त्या शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही रामनगरला निघालो. पाठीवर सॅक, सॅकला लटकवलेले मग, खांद्यावर दोरांची वेटोळी. अण्णांसाठी मी एक सॅक मागून आणली होती. त्यांनी ती उघडून बघितली आणि विचारलं, "बूट आणि जेवण एकाच पोटात?" मग त्यांनी बूट पायातच ठेवले, कचेरीचे काळे, पॉलिश केलेले. सॅकमध्ये चादर आणि स्वेटर गेले. जेवणाचा चार पुडांचा डबा त्यांनी हातात घेतला आणि दुसऱ्या हातात छत्री. डिसेंबरमध्ये पाऊस नव्हता, पण छत्री अण्णा पावसासाठी घेत नसत. ती हातात असली की त्यांना बरं वाटे.

स्टेशनपासून कातळापर्यंत दीड-दोन तासांची चाल होती, नाचणीच्या शेतांतून आणि तुतीच्या मळ्यांतून. वाटेत अण्णांच्या हातातला डबा एका तरुणाने काढून घेतला. हा पुण्याहून आलेला. तीन-चार महिन्यांपूर्वी इथल्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला होता, कोरमंगलात खोली घेऊन राहत होता, आणि कातळावर आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगला चढायचा. इतरांशी तो हिंदी-इंग्रजीत बोले. आम्ही दोघं आपसांत बोलतोय ते मराठी आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा फुलला.

"काका, तुम्ही मराठी? सीरियसली?"

"हौदु. म्हणजे हो," अण्णा म्हणाले. "आमचे लोक इकडे येऊन किती पिढ्या झाल्या, मोजायला कुणी उरलं नाही."

"तुमचं मराठी एकदम क्यूट आहे, काका."

अण्णा थोडं मागे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "क्यूट म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं. लहान मुलांना म्हणतात."

"मग वाईट," अण्णा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

पुण्याच्या त्या मुलाची एक सवय होती. त्या वाटेवर माझ्याशी मराठीत बोलायला लागल्यापासून तो मला 'भिडू' म्हणायला लागला. चल भिडू, पाणी दे भिडू. भिडू म्हणजे खेळात आपल्या बाजूचा गडी, हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं, पण आमच्या घरच्या मराठीत तो शब्द नव्हता. क्लबात पुरुषच जास्त. ते मला मॅडम म्हणत आणि माझ्या हातातलं जड सामान काढून घेत. हा मला भिडू म्हणे आणि स्वतःच्या हातातलं जड सामान माझ्याकडे देई. मला ते फार आवडलं होतं. त्यात आणखी काही शोधू नये. त्याचं पुण्यात लग्न ठरलेलं होतं.

दुपारी अण्णांनी झाडाखाली डबा उघडला आणि सगळ्यांना पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, वाढला. मग सरावाला सुरुवात झाली आणि ते बघत बसले. गाठी कशा मारतात ते विचारलं, दोर किती वजन पेलतो ते विचारलं, कमरेच्या पट्ट्याची शिवण बोटाने चाचपून बघितली. कागद तपासावा तसं. संध्याकाळी ते मला म्हणाले, "दोर चांगला आहे." मी त्या वाक्यावर पुष्कळ आशा बांधली.

*

इथे दोन शब्दांबद्दल सांगायला हवं. कातळावर चढणाऱ्याचा दोर वर बसलेल्या माणसाच्या हातात असतो. चढणारा ओरडून सांगतो, घट्ट धर किंवा सैल सोड. जगभर हे इंग्रजीत चालतं, पण आमच्या क्लबात ते कानडीत चाले, कारण 'लॉक' आणि 'स्लॅक' हे शब्द वाऱ्यात सारखेच ऐकू येतात असं कार्यकारिणीच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी ठराव करून 'हिडि' आणि 'बिडु' हे शब्द घेतले. हिडि म्हणजे धर. बिडु म्हणजे सोड. हेही दोन्ही वाऱ्यात बरेचसे सारखेच ऐकू येतात, हे ठराव झाल्यावर लक्षात आलं, पण तोवर तो इतिवृत्तात गेला होता.

रविवारी सकाळी क्लबचे अध्यक्ष आले, मोटारीतून. ते साठीचे होते, हॅटला पीस लावत, गळ्यात शिट्टी घालत, आणि मी त्यांना कधी कशावरही चढताना पाहिलं नव्हतं, भाषणाच्या दगडाखेरीज. कातळाला हार घातला गेला. नारळ फुटला. मग त्या दगडावर उभं राहून त्यांनी डोंगर माणसाला नम्र कसं बनवतो हे बराच वेळ सांगितलं. तोवर ऊन वर आलं आणि कातळ तापायला लागला.

भाषण संपताना त्यांची नजर अण्णांवर गेली. क्लबची स्मरणिका निघायची होती आणि तिला मुखपृष्ठ नव्हतं.

"पिता आणि पुत्री!" ते इंग्रजीत म्हणाले. "मुलगी कातळावर, दोर वडिलांच्या हाती! सार, तुम्ही वर बसा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आज मला वाटतं मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, दोर हातात घेतला की त्यांची भीती जाईल. धोका असा नव्हताच. अण्णा एका झाडाला पट्ट्याने बांधलेले असणार, दोर त्यांच्या पाठीमागून वळसा घेऊन त्यांच्या हातात, आणि दोराचं उरलेलं शेपूट त्यांच्यामागे पुण्याच्या मुलाच्या हातात. अण्णा फोटोपुरते.

मी त्यांना बाजूला घेऊन शिकवलं. "मी चढेन तसा दोर ओढून घ्यायचा. 'हिडि' ऐकलं की गच्च धरायचं. 'बिडु' ऐकलं की सोडायचं."

"कुणी म्हटल्यावर?"

"कुणीही. आणि अण्णा, विचार करत बसू नका. शब्द ऐकला की लगेच."

"सरी," ते म्हणाले. आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखं दोनदा पुटपुटले, "हिडि, धर. बिडु, सोड."

बिडु म्हणजे दोर हळूहळू, हातभर सैल द्यायचा, हे मी सांगितलं नाही. क्लबात ते सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेलं सांगायचं राहून जातं. चामड्याच्या हातमोज्यांचा चांगला जोड एकच होता आणि तो फोटोसाठी अध्यक्षांनी घातला होता. त्यांना अण्णांच्या शेजारी उभं राहायचं होतं.

फोटो निघाला. तो अजून माझ्याकडे आहे. अध्यक्ष दूरच्या शिखराकडे बघताहेत. अण्णा दोराकडे.

*

कातळ तीन मजली घराएवढा. निम्म्यापर्यंत मी सहज आले. दोर वरून नियमित ओढला जात होता, इतका नियमित की मला हसू आलं. एक हात, दुसरा हात, थांबा. एक हात, दुसरा हात, थांबा. कचेरीत शिक्के मारावेत तसा. शेवटच्या टप्प्याला एक उभी फट होती. तिच्यात बोटं घालून मी उजवा पाय उचलला आणि डावा निसटला.

मी पडले नाही. दोर ताठ झाला आणि मी तिथेच लोंबकळले. अण्णांनी मला धरलं होतं. हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे.

पुण्याच्या मुलाला वरून मी दिसत नव्हते. त्याने अण्णांकडे पाहिलं, दोर पक्का आहे असं बघितलं, आणि शेपूट एका हातात ठेवून तो पोटावर झोपून कड्यावरून वाकला. मी फटीकडे हात नेत होते.

"धर, भिडू!" तो मला म्हणाला. मग मोठ्याने, "भिडू! भिडू!"

आणि दोर सुटला.

सात-आठ फूट, फार नाही. पण सात-आठ फूट म्हणजे किती हे त्याआधी मला ठाऊक नव्हतं. गुडघा कातळावरून खरवडत गेला, कोपर आपटलं, आणि मग कमरेला हिसका बसून मी थांबले. वर कुणीतरी ओरडत होतं. फोटोनंतर मागच्या वाटेने खाली उतरलेल्या अध्यक्षांनी शिट्टी वाजवली. ती कशासाठी हे आजवर कळलेलं नाही.

मी वर बघितलं. कड्यावरून अण्णांचा चेहरा दिसला नाही, ते झाडाला बांधलेले होते. आवाज आला फक्त.

"पुट्टी?"

"आहे, अण्णा."

मग पुण्याच्या मुलाचा आवाज, "काका, दोर द्या. काका, माझ्याकडे द्या तो." आणि अण्णांचा, मी कधी ऐकला नव्हता असा, "नाही."

मी भिंतीला चिकटून उभी होते. खाली उतरणं सोपं होतं. पण खाली उतरले असते तर दोर अण्णांच्या हातून सुटला तो सुटलाच, असं झालं असतं. मी ओरडले, "अण्णा, हिडि!"

दोर ताठ झाला. एक हात, दुसरा हात, थांबा.

मी वर पोचले तेव्हा पुण्याचा मुलगा पांढराफटक पडला होता. अण्णा पाय रोवून बसले होते, तोंडात काहीतरी पुटपुटत. जवळ गेल्यावर ऐकू आलं. हिडि, धर. हिडि, धर. मी त्यांच्या हातातून दोर काढून घेतला. तो सहजी निघेना. दोर पळत असताना त्यांनी तो उघड्या हातांनी पकडला होता. दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती, बोटांचीही. त्याच हातांनी त्यांनी मला उरलेला अख्खा कातळ वर ओढलं होतं.

*

पिवळं मलम आणि कापडाच्या पट्ट्या बांधून आम्ही परत निघालो. अध्यक्षांनी निघताना सांगितलं, किरकोळ प्रसंग आहे, अहवालात नको. अण्णांनी मान डोलावली. अहवालात नसलेल्या गोष्टींचं काय होतं हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत?

गाडीत खिडकीशी बसल्यावर अण्णा पहिल्यांदा बोलले. समोर पुण्याचा मुलगा बसला होता, त्यांचा डबा मांडीवर घेऊन.

"तुम्ही बिडु म्हणालात," अण्णा त्याला म्हणाले. तक्रार नव्हती. नोंद होती.

"नाही काका. मी भिडू म्हणालो."

"तेच. बिडु."

"बिडु नाही, भिडू. म्हणजे तिला म्हणालो. भिडू म्हणजे... पार्टनर. दोस्त. तुमच्याकडे नाही म्हणत?"

"नाही," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे बिडु म्हणजे सोड."

पलीकडच्या बाकावर क्लबातली मंडळी होती. त्यांना कुणीतरी हे कानडीत समजावलं आणि एकदम हशा पिकला. धर म्हणतोय आणि सोड म्हणतोय! पुढची कितीतरी वर्षं क्लबात हा किस्सा चालला. मीही पुढे तो रंगवून सांगितला आहे. त्या दिवशी आम्ही तिघं हसलो नाही. मी दोन्ही शब्द जन्मभर ओळखत होते, पुस्तकातला आणि घरातला. ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बेंगळूर जवळ आल्यावर अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी सोडलं."

"अण्णा, मीच सांगितलं होतं तसं. आणि तुम्हीच धरलंत."

"आधी सोडलं," ते म्हणाले.

*

सोमवारी आई त्यांना चमच्याने सारूभात भरवत होती. दूधवाल्याचं कार्ड तसंच राहिलं. अर्जाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तो मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. मनातून मी हिमालयाचा निरोप घेतला होता. खोटं कशाला बोलू, रडलेही होते, न्हाणीघरात, नळ सोडून. आईने बाहेरून "पाणी वाया जातंय" एवढंच म्हटलं.

मंगळवारी संध्याकाळी पुण्याचा मुलगा मोसंबी घेऊन आला. अण्णांसमोर खुर्चीच्या कडेवर बसला. मला काय म्हणावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने "ताई" म्हटलं. मला वाईट वाटलं.

अण्णांनी अचानक विचारलं, "फॉर्म कुठाय?"

"असू दे, अण्णा. पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं. आणि आमच्याकडे समजूत घालताना म्हणतात तसं म्हणून गेले, "इरली बिडु." म्हणजे असू दे, सोडून दे; अदबीने म्हणायचं तर 'बिडि'.

"तो शब्द नको," अण्णा म्हणाले. "फॉर्म आण."

मी आणला. त्यांनी तो टेबलावर पसरायला सांगितला.

"इथे मी वर होतो म्हणून तू पडलीस," ते म्हणाले. "मला दोर धरता येत नाही. मला फक्त भिता येतं. तिकडे शिकलेली माणसं असतील. आणि दोन दिवस मी बघितलं की. तू वर जाताना हसत होतीस."

"तुम्हाला कसं दिसलं? तुम्ही तर वर..."

"शनिवारी, खालून. लहानपणी त्या बंडेवरही तुझं तोंड असंच असणार. तेव्हा मी तुझे पायच बघत होतो, तोंड कधी बघितलं नाही."

आई पदराने टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छ होतं.

मग अडचण आली. पट्ट्यांतून बोटांची टोकं बाहेर होती, पण पेन धरता येईना. त्यांनी एकदा प्रयत्न केला. शेवटच्या अक्षराखालची रेघ सुरू व्हायच्या आधीच पेन गळून पडलं. ते त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या खणात शाईची गादी आहे."

ती जांभळी गादी त्यांनी कचेरीतून आठवण म्हणून आणली होती. सुकून गेली होती. आईने तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. अण्णा खुर्चीत ताठ बसले आणि कचेरीतल्या आवाजात सांगू लागले. अंगठ्याखाली 'डाव्या हाताचा अंगठा' असं लिहायचं. दोन साक्षीदार हवेत. मी चालणार नाही, कारण लाभ माझा. एक आई.

"आणि तुम्ही," ते पुण्याच्या मुलाला म्हणाले. "सही येते ना?"

"येते, काका."

"बरं. क्यूट करू नका. वाचता येईल अशी करा."

"आणि एक खुलासा हवा," ते मला म्हणाले. "नाहीतर तिकडे वाटेल बाप अडाणी. लिही." मजकूर त्यांनी इंग्रजीत सांगितला, त्यांच्या दस्तऐवजी इंग्रजीत. मराठीत सांगायचा तर असा होता: सदर इसम साक्षर आहेत. मुलीचा दोर हातून सोडल्यामुळे त्यांच्या दोन्ही तळहातांना इजा झाली असून तूर्त सही करणे शक्य नाही. अभ्यासक्रमास त्यांची हरकत नाही.

मी चौकोनाच्या खालच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं. एक शब्द मी बदलला. 'सोडल्यामुळे'च्या जागी 'धरल्यामुळे' लिहिलं.

"वाचून दाखव," अण्णा म्हणाले.

मी वाचायला सुरुवात केली आणि त्या शब्दाशी अडखळले. त्यांनी कागद आपल्याकडे सरकवायला सांगितला. आईने त्यांना चष्मा लावून दिला. त्यांनी तो मजकूर वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांची मान एका जागी थांबली, आणि मला कळलं ती कुठे थांबली आहे. ज्या माणसाने एका चुकीच्या शब्दासाठी लोकांना गावी परत पाठवलं होतं, त्याच्यापुढे मी उभी होते, आणि माझं टपाल बुधवारचं होतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"शाई," अण्णा म्हणाले.

आईने त्यांचं मनगट धरून अंगठा गादीवर टेकवला आणि चौकोनात आणला. इतरांना आयुष्यभर दाबू नका म्हणून सांगणारे अण्णा अंगठा कागदावर दाबून बसले. शाई कडेने पसरायला लागली. पुण्याचा मुलगा पेन उघडून वाट बघत होता.

"अहो, बिडि आता," आई हळूच म्हणाली. "उमटला."